शेकडा तीस

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच माप चुकवलं, आणि ते चुकलंय हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. तेव्हापासून कुणी 'घरबसल्या कमवा' म्हणालं की माझं डोकं फिरतं.

बाबा पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर आधी ती तशीच्या तशी लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि जी पोकळी राहील तिच्यात तापलेलं लोखंड ओतायचं. ती लाकडाची वस्तू करणारा तो पॅटर्नमेकर. यात गोम अशी की लोखंड थंड होताना आकसतं. शेकडा एक. म्हणून लाकडाचा नमुना शेकडा एक मोठा करायचा. बाबांकडे त्यासाठी वेगळी पट्टी होती, तिच्यावरचं प्रत्येक माप खऱ्यापेक्षा जरासं मोठं. शाळेत असताना मी एकदा ती पट्टी चुकून दप्तरात नेली. भूमितीच्या सगळ्या रेषा मिलीमीटरभर लांब आल्या आणि बाईंनी दोन मार्क कापले. बाबा म्हणाले, "बाईंना सांग, थंड झाल्यावर बघा. बरोबर भरतील."

चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या हातचा नमुना परत आला, असं एकदाही झालं नाही. मग फाउंड्रीच बंद पडली. गेटवर नोटीस लागली, कामगारांना थोडेफार पैसे मिळाले, आणि बाबा घरी येऊन खिडकीजवळ बसले ते दोन वर्षं बसूनच राहिले. आई आधीच गेली होती. मी नवऱ्याला सोडून परत आले होते. आले तेव्हा बाबांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता, फक्त माळ्यावरून माझी जुनी खाट खाली काढून तिचे डुगडुगणारे पाय नीट केले होते. त्या माणसाला मी दोन वर्षं दाढी वाढवून भिंतीकडे बघताना पाहिलं. 'जेवता का' विचारलं तर 'ठेव', 'झोपता का' विचारलं तरी 'ठेव'. माझ्या रागाचा काही उपयोग नव्हता, तरी मी रागवायचे.

मी एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. वेळा देते, पैसे घेते, रडणाऱ्या पोरांना गप्प करते. एकदा वैतागून बाबांना म्हणाले, "या पोरांना हातात द्यायला काहीतरी करून द्या, नाहीतर मीच एक दिवस रडायला लागेन." दोन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी मागच्या पडवीतून करवतीचा आवाज आला. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले.

त्यांनी हत्ती केला. चाकांवरचा, दोरीने ओढायचा. ओढला की सोंड वर जायची, खाली यायची, कान हलायचे. खिळा नाही, गोंद नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. दवाखान्यात पोरं रडायची थांबली, पण हत्ती घरी न्यायचा म्हणून दारात पुन्हा रडू लागली. आया विचारायला लागल्या, कुठं मिळतो? तिथं आम्ही फसलो.

मी मोबाईलवर एक मोठं ऑनलाइन दुकान बघून ठेवलं होतं. हातच्या वस्तू विकणाऱ्यांसाठी तिथं वेगळं दालन होतं. फुकट उघडता येतं, असं लिहिलेलं होतं, आणि उघडणं खरंच फुकट होतं. एका रविवारी मी आणि बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाव ठरवायला बसलो. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली.

"किती आकसतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पैसा गं. गिऱ्हाईक शंभर देतं, आपल्या हातात येईपर्यंत किती आकसतात?"

मी नियमांचं पान उघडून वाचलं. "दुकानाचं कमिशन सतरा. पैसे भरून घेण्याचे तीन. जाहिरातीचे दहा. जाहिरात आपल्या मर्जीवर आहे म्हणतात, पण नाही दिली तर आपला हत्ती चाळिसाव्या पानावर."

"म्हणजे शेकडा तीस." बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "लोखंडाचा एक, पितळेचा दीड आणि यांचे तीस. कसला धातू आहे हा?"

कितीतरी दिवसांनी ते थट्टा करत होते. मी इतकी खूश झाले की पुढचं नीट बघितलंच नाही.

लाकूड एकशेऐंशी. रंग, चाकं, दोरी नव्वद. खोकं साठ. टपालखर्च एकशेतीस. घासायला, रंगवायला, बांधायला एक माणूस लागणार, त्याचे एकशेसाठ. तो माणूस ठरलेलाच होता. फाउंड्रीत बाबांच्या नमुन्यावर वाळू भरणारे मोल्डरकाका. चाळीस वर्षं हा लाकूड कोरायचा आणि तो वाळू ठोकायचा, आणि एकाचं काम दुसऱ्याशिवाय कधी पुरं व्हायचं नाही. फाउंड्री गेल्यापासून काका एका गोदामावर राखण करत होते, तेही नुकतंच सुटलं होतं. घरी काकू आणि काकूंच्या गोळ्या.

"आणि तुमची मजुरी?" मी विचारलं.

"तीस लिही."

"तिसात काय येतं बाबा?"

"मला कशाला काय यायला हवंय? तेही काढू नकोस, साठू दे. पंधरा हजार झाले की तुझ्या खोलीचं गळणारं छप्पर करून घेऊ."

बेरीज झाली साडेसहाशे. साडेसहाशेचे शेकडा तीस म्हणजे एकशेपंचाण्णव. बाबांनी ते खाली मांडले, बेरीज केली, दोनदा अधोरेखित केली. आठशेपंचेचाळीस. मी दवाखान्याचा गल्ला सांभाळते, महिनाअखेरीला एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. मीही तो आकडा डोळे भरून बघितला आणि टाइप केला.

पहिल्या महिन्यात सहा हत्ती गेले. दुसऱ्यात बावीस. मग कुणीतरी आपल्या नातवाचा हत्ती ओढतानाचा व्हिडिओ टाकला आणि काय झालं कुणास ठाऊक, रोज दोन-तीन जायला लागले. पाच तारे, पाच तारे. बाबा पहाटे उठू लागले, दाढी करू लागले, पडवीत काका आणि ते दोघे दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत कामं करू लागले.

"मेस्त्री, हा कान जाड झालाय."

"तुझ्यासारखा ऐकू न येणारा हत्ती आहे तो."

"आधी वाळू हाताला लागायची," काका मला काचकागद दाखवत म्हणायचे, "आता कागदाला चिकटून येते. प्रगती आहे बघ पोरी."

पैसे दर पंधरा दिवसांनी एकदम जमा व्हायचे. एकदम आले की फार वाटतात. लाकडाची वखार बाबांच्या ओळखीची, बिल सहामाहीला. खोकीवालाही थांबायचा. ऑर्डरी वाढत होत्या तोवर नवीन पैशातून जुनं भागत गेलं आणि खड्डा दिसलाच नाही. बाबा अधूनमधून विचारायचे, "साठले किती?" मी हत्ती गुणिले तीस करून सांगायचे. ते नुसते हसायचे.

वखारीचं बिल आलं तेव्हा खात्यात ते भरण्याइतकी रक्कम नव्हती. मला वाटलं, कुणीतरी चोरी केली. दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी दुकानाचं विवरण उघडलं. आठशेपंचेचाळीस आले, दोनशेत्रेपन्न रुपये पन्नास पैसे गेले. हातात पाचशेएक्याण्णव पन्नास. मी पुन्हा बघितलं. आम्ही एकशेपंचाण्णव धरले होते, ते दोनशेत्रेपन्न कसे घेतात? चोर सापडला म्हणून मी दुकानाच्या मदत केंद्राला तावातावाने निरोप लिहायला घेतला, आणि अर्धा लिहून झाल्यावर माझा हात थांबला.

ते बरोबर होते. ते तीस टक्के घेत होते, पण आठशेपंचेचाळिसावर. आम्ही तीस टक्के वाढवले होते साडेसहाशेवर. शंभरावर तीस वाढवले की एकशेतीस होतात, आणि एकशेतीसचे तीस टक्के काढले की उरतात एक्याण्णव. शंभर परत येतच नाहीत. बाबांनी चाळीस वर्षं आकसण्याचा हिशेब असाच केला होता. आधी मापावर वाढव, थंड झालं की तेवढंच कमी होतं. शेकडा एक असतो तेव्हा या पद्धतीतली चूक केसाच्याही जाडीची नसते. शेकडा तीसला ती माणूस गिळते.

हत्तीला रोख खर्च सहाशेवीस. हातात पाचशेएक्याण्णव पन्नास. बाबांचे तीस तर कधी जन्मालाच आले नव्हते. प्रत्येक हत्तीमागे साडेअठ्ठावीस आम्ही पदरचे घालत होतो. तीनशे हत्ती गेले होते. त्यातले चौदा परत आले होते, त्यांचं जायचं आणि यायचं भाडं आमच्याच गळ्यात. बारा हजारांवर खड्डा. जितके तारे जास्त, तितका खड्डा खोल. एक बाई दात दुखतोय म्हणून काउंटरसमोर उभी होती आणि मी तिच्याकडे अशी बघत होते की ती म्हणाली, "तुमचाही दुखतोय का?"

मी बाबांना सांगितलं नाही. चुकलं माझं, पण आजही तीच वेळ आली तर काय करेन ते सांगता येत नाही. मी घरी आले तेव्हा दोघं पडवीत मोठमोठ्याने हसत होते. त्यांना मी काय सांगणार होते?

वखारीचं बिल मी माझ्या पगारातून भरलं. मग युक्त्या सुरू केल्या. "बाबा, लाकूड महागलंय, भाव वाढवू या का?" तर म्हणाले, "वखारवाला मला विचारल्याशिवाय भाव वाढवत नाही. आणि माप एकदा ठरलं की ठरलं." मग मी गुपचूप जाहिरात बंद केली. दहा टक्के वाचले तर प्रत्येक हत्तीमागे थोडे सुटत होते. पण जाहिरात बंद केल्याबरोबर ऑर्डरीच बंद. पहिला दिवस, दुसरा दिवस. बाबा मोबाईल उघडून बघायचे, ठेवायचे. तिसऱ्या दिवशी काकांना लवकर घरी पाठवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली नाही. मी न्हाणीघराचं दार लावून आतून जाहिरात चालू केली.

असे तीन महिने गेले. दर महिन्याला पगार झाला की थोडा त्या खात्यात. ताकास तूर लागू दिली नाही. आणि मग दुकानाचा महासेल आला.

त्याचा निरोप बाबांच्या मोबाईलवर आला. 'आपल्या दुकानाची खास निवड झाली आहे.' खाली हिरवं बटण. बाबांची आयुष्यात कुणी खास निवड केली नव्हती, फाउंड्रीने तर शेवटी हिशेबाचा कागदही टपालाने पाठवला होता. त्यांनी बटण दाबलं. निवड म्हणजे काय, तर शेकडा पंधरा सूट, तीही आमच्या खिशातून. तीन दिवसांत दोनशेचाळीस हत्तींच्या ऑर्डरी आल्या. बाबांनी मला दवाखान्यात फोन केला. ते कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "अगं, अख्ख्या फाउंड्रीला कामाला लावावं लागेल." मागे काका ओरडत होते, "माझा पगार वाढवायला सांग!"

मी फोन ठेवला आणि हिशेब केला. प्रत्येकी एकशेसतरा तोटा. अठ्ठावीस हजार. एवढे माझ्याकडे नव्हते, आणि उसने मागावेत असं कुणी नव्हतं. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली. काका अजून यायचे होते. बाबा पडवीत एका फळीवर एकामागून एक हत्तींच्या पाठी आखत होते. मी विवरणाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. मग पेन्सिल घेतली आणि त्याच फळीवर, हत्तीच्या पाठीशेजारी, आकडे मांडले. एकदा. पुन्हा एकदा. मला वाटलं ते मला विचारतील, पण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तीस शंभरावर धरले," ते हळूच म्हणाले. "सत्तरनं भागायला हवं होतं."

"माझ्याही लक्षात आलं नाही बाबा."

"तू कशाला? माप माझं होतं." त्यांनी सत्तराखाली रेघ मारली. "मी चाळीस वर्षं असंच करत आलो."

"शेकडा एकाला काही फरक पडत नाही."

"कळत नाही. नसतो असं नाही."

मला त्यांचं ते तोंड बघवेना. ज्या माणसाचा नमुना कधी परत आला नाही, तो मनातल्या मनात चाळीस वर्षांचे नमुने परत मागवत होता. मी काहीतरी बडबडत सुटले, की मशिनं चालली, पूल उभे राहिले, कुणाचं काही बिघडलं नाही. ते ऐकत नव्हते. एकाएकी त्यांनी वर बघितलं.

"मग मधले पैसे? वखारवाल्याचं बिल कुणी भरलं?"

मी फळीवरचा भुसा झटकायला लागले.

"किती महिने?"

"तीन."

"किती?"

"सोळा हजार सहाशे पन्नास."

"आणि माझे साठलेले?"

मी मान हलवली. त्यांनी पेन्सिल फळीवर आडवी ठेवली. "म्हणजे मी कमवत नव्हतो," ते म्हणाले. "मी गप्प बसावं म्हणून तू मला खेळणं आणून दिलं होतंस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं.

रद्द करू या, असं मी म्हणाले. दंड बसेल, तारे जातील, जाऊ देत. बाबांनी ऐकून घेतलं नाही. दोनशेचाळीस जणांना माल कबूल केलाय, तो जाणार. हातच्या वस्तूंना पाच आठवड्यांची मुदत होती. त्यांनी फळीवर पुन्हा हिशेब मांडला, या वेळी सावकाश, प्रत्येक आकडा मला तपासायला लावून. हातात येणार पाचशेतीन. लाकूड, रंग, खोकं, टपाल मिळून चारशेसाठ. मदतनीस नसेल तर त्रेचाळीस उरतात. मदतनीस असेल तर एकशेसतरा जातात. एवढं झाल्यावर पुढे काही मांडायचं राहिलं नव्हतं.

काका आले तेव्हा बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. आकडा लपवला नाही, स्वतःची चूक लपवली नाही. काकांनी डोकं खाजवलं.

"एवढंच ना? मग मला देऊ नकोस पैसे. मी घरी बसून तरी काय करतोय?"

"नाही."

"अरे, पाच आठवडे..."

"चाळीस वर्षांत तुला कुणी फुकट राबवलं नाही मोल्डर. आता मी राबवू?"

"मग तू फुकट राबणार ते चालतं?"

"चूक माझी आहे."

 काकांनी रंगाचे सगळे ब्रश धुतले, पुसले, ओळीने ठेवले, कमरेचं फडकं सोडून खुंटीला लावलं आणि गेले. भांडण झालं नाही. भांडले असते तर दोन दिवसांनी परत आले असते.

बाबांनी दोनशेचाळीस हत्ती एकट्याने केले. संध्याकाळी घरी आले की मी घासून द्यायचे, खोकी बांधायचे. त्यांची बोटं सुजली. बोलणं जवळजवळ बंदच झालं. शेवटचं खोकं गेल्यावर पंधरा दिवसांनी पैसे जमा झाले, तेव्हा त्यांनी मला बँकेत पाठवून दहा हजार तीनशे वीस काढून आणायला लावले आणि ते माझ्याच हातात दिले. "बाकीचे सहा हजार तीनशे तीस लिहून ठेव," म्हणाले. मी नको म्हणाले तर नुसतं माझ्याकडे बघितलं. मी लिहून ठेवले.

मग आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. या वेळी खरा भाव. सगळा खर्च. मोल्डरचे एकशेसाठ.

"आणि माझेही एकशेसाठ," बाबा म्हणाले. सातशेऐंशी. सत्तरने भागून, शंभराने गुणून, अकराशेचौदा. तीनदा तपासलं. अकराशेचौदामधून शेकडा तीस काढले तर सातशेऐंशी उरतात की नाही, तेही बघितलं. उरत होते. "आता बरोबर आहे," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "एक शब्द दे. खोटी ऑर्डर टाकायची नाही. तुझी नाही, तुझ्या डॉक्टरची नाही. मला यापुढे खरं तेच सांगायचं."

मी शब्द दिला.

अकराशेचौदाला हत्ती कुणी घेतला नाही. आमच्याच हत्तीची हुबेहूब नक्कल, यंत्रावर कापलेली, गोंदाने चिकटवलेली, त्याच पानावर चारशेला मिळत होती. तिलाही पाच तारे होते. रोज सकाळी बाबा विचारायचे, "आली का?" मी म्हणायचे, "नाही." एक महिना, दुसरा महिना. हळूहळू ते विचारताना वर बघेनासे झाले.

एका दुपारी दवाखान्यात मोल्डरकाका आले. गालाला हात लावून बाकावर बसले, तीन पेशंट आत जाऊन आले तरी बसून. शेवटी मीच जवळ गेले.

"काका, दात दुखतोय?"

"दात आहेत कुठं दुखायला." त्यांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "अकराशेचौदा आहेत. मोजून घे. एक हत्ती कुणाच्याही नावावर टाक. माझ्या नको, तो ओळखेल."

"तुम्ही कुठून आणले हे?"

"तुझ्या काकूच्या गोळ्या स्वस्त झाल्यात."

गोळ्या कुठल्या स्वस्त होतायत. मी नोटा परत द्यायला लागले. "काका, यातले तीनशेचौतीस ते दुकानवाले खाणार. नुसते जळणार. त्यापेक्षा बाबांना सरळ द्या ना."

"सरळ दिले तर घेईल का तो?"

"नाही."

"मग जाऊ देत." ते उठले. "काल गल्लीतून जाताना त्याला बघितला मी. खिडकीतून बघत होता, पण मी दिसलो नाही त्याला."

मी शब्द दिला होता. तरी दवाखान्यात नवीन लागलेल्या नर्सच्या नावावर, तिच्या मावशीच्या पत्त्यावर मी ऑर्डर टाकली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "आली का?"

"आली," मी म्हणाले.

ते वळले. मोबाईल हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, पत्ता वाचला. "ओळखीचं कुणी नाही ना?"

"नाही बाबा."

ते कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले. मग पडवीचं दार उघडलं, फळ्या बडवून बघितल्या, त्यातली चांगली निवडली आणि मला म्हणाले, "जा, मोल्डरला बोलावून आण."

"काकांना कशाला?"

"कशाला म्हणजे? त्याचे एकशेसाठ त्या भावात आहेत. ते मी एकटा कसे खाऊ?"

काका आले. खुंटीवरचं फडकं कमरेला बांधलं आणि बसले. दिवसभर दोघांनी मिळून तो एक हत्ती केला. एवढा वेळ घ्यायची गरज नव्हती, पण दोघांनाही घाई नव्हती. मी दोनदा चहा दिला. बाबांनी सोंड बसवून बघितली, वर गेली, खाली आली. मग काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस मोल्डर? भाव बरोबर लावला की गिऱ्हाईक येतं. उशिरा का होईना, येतं."

"येणारच," काका म्हणाले आणि मान खाली घालून कान घासत राहिले.

संध्याकाळी बाबांनी एकशेसाठ मोजून काकांच्या हातावर ठेवले. काकांनी ते पुन्हा मोजले, खिशात घातले आणि चप्पल पायात सरकवली.

"दुसरी आली की बोलावतो," बाबा म्हणाले.

"बोलाव," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि मीही कप उचलायला आत गेले.